बॅटरी बाहेरची, गाडी आपली

अमेरिकेत नवा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला की पुढच्या दांडीवर, गॅसच्या टाक्यांमागे, काळ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात डीलरने बसवलेली एकच लेड-ॲसिड बॅटरी असते. बहुधा ग्रुप 24 आकाराची, 75-80 अँपिअर-तासांची. तिच्यातले निम्मेच वापरायचे, कारण त्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाताशी उरतात चाळीसेक अँपिअर-तास. आरव्हीतला, म्हणजे अशा राहत्या गाडीतला, फ्रिज प्रोपेनवर चालत होता तोवर एवढ्यात दिवे आणि पाण्याचा पंप भागायचा. आता बहुतेक ट्रेलरमध्ये 12 व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज येतो, आणि तो एकटाच दिवसाला पन्नास-साठ अँपिअर-तास सहज खातो. विजेची जोडणी नसलेल्या जंगलातल्या जागेवर एक रात्र काढली की सकाळी बॅटरी उतरलेली असते.

मग मालक दुसरी बॅटरी शोधायला निघतो आणि बाजारात त्याला डझनावारी नावं भेटतात. नेवाडातल्या ड्रॅगनफ्लाय एनर्जीची ‘बॅटल बॉर्न’ आहे, आणि तिच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाच्या किमतीला ऑनलाइन मिळणाऱ्या चिनी बॅटऱ्याही आहेत. जवळजवळ सगळ्यांवर एकच आश्वासन छापलेलं असतं: जुनी काढा, ही ठेवा, दोन तारा जोडा, झालं. गाडी बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत मात्र बहुधा उलट इशारा असतो की आम्ही सांगितलेल्याच बॅटऱ्या वापरा. ही दोन्ही वाक्यं विक्रीच्या सोयीची आहेत. बाहेरची बॅटरी आरव्हीत चालते का, याचं खरं उत्तर त्या दोघांच्या मध्ये आहे. ते बॅटरीच्या लेबलवर सापडत नाही. बॅटरीला वीज देणारी आणि तिच्याकडून वीज घेणारी गाडीतली यंत्रं एकेक करून तपासली की सापडतं.

आधी रसायनाबद्दल थोडं. आज आरव्हीत ‘लिथियम’ म्हटलं की जवळजवळ नेहमी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, अभिप्रेत असतं. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून 1997 साली या पदार्थावरचा मूळ निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर गुडइनफ यांच्या आधी अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही, आणि ते सांगितलं जायला हवं. या रसायनाचा एक सेल 3.2 व्होल्टचा. असे चार एकापुढे एक जोडले की 12.8 व्होल्ट होतात, म्हणजे लेड-ॲसिडच्या अगदी जवळ. एवढ्या एका योगायोगावर जागेवर ठेवून चालणाऱ्या बॅटरीचा अख्खा धंदा उभा आहे. मोबाइल किंवा लॅपटॉपमधल्या लिथियम सेलला ही सोय नाही. त्यातले तीन जोडले तर 11 व्होल्ट, चार जोडले तर जवळजवळ 15. 12 व्होल्टच्या गाडीला दोन्ही गैरसोयीचे.

व्होल्टेज जवळ आलं, तरी वागणूक वेगळीच. लेड-ॲसिडचं व्होल्टेज भरलेल्या अवस्थेत 12.7, निम्म्यावर 12.1 च्या आसपास, असं उतारावरून खाली येतं. एलएफपीचं एखाद्या सड्यासारखं आहे: नव्वद टक्क्यांपासून वीस टक्क्यांपर्यंत 13.3 ते 12.9 एवढाच फरक, आणि मग एकदम कडा. याचा पहिला फटका बसतो दारापाशी लावलेल्या चार दिव्यांच्या पॅनेलला. टाक्यांची पातळी दाखवणाऱ्या त्या पॅनेलवर बॅटरीचंही बटण असतं. ते दाबलं की व्होल्टेज बघून एक, दोन, तीन किंवा चार दिवे लागतात. हे पॅनेल लेड-ॲसिडसाठी आखलेलं आहे. एलएफपी बॅटरीत वीस टक्के उरले असतानाही ते चारही दिवे लावतं, आणि थोड्या वेळाने घरात अंधार होतो. बॅटरीत दोष नसतो, पॅनेलही बिघडलेलं नसतं. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, एवढंच. त्याला उपाय शंट, म्हणजे ऋण तारेत बसवायचा मोजमापाचा तुकडा. तो आतबाहेर जाणारा करंट मोजून हिशेब ठेवतो. माझ्या मते नव्या बॅटरीच्या आधी खरेदी करायची वस्तू हीच. शंट लावून आठवडाभर जुन्या बॅटरीवर काढला की आपल्याला खरोखर किती अँपिअर-तास लागतात ते कळतं, आणि पुष्कळांचा मोठ्या बॅटरीचा हट्ट तिथेच उतरतो.

भरण्याच्या बाजूला सगळ्यात जास्त वाद कन्व्हर्टरवर होतो. कॅम्पग्राउंडच्या 120 व्होल्टचे 12 व्होल्ट करून बॅटरी भरणारं हे यंत्र. जुन्या ट्रेलरमधले कन्व्हर्टर बराच वेळ 13.6 व्होल्टवर रेंगाळतात. एलएफपीला 14.2 ते 14.6 द्यावेत असं बहुतेक बॅटरीवाले सांगतात. प्रोग्रेसिव्ह डायनॅमिक्स आणि डब्ल्यूएफसीओ या दोन्ही कंपन्यांनी त्यासाठी 14.6 व्होल्टपर्यंत जाणारी लिथियम मॉडेलं काढली आहेत. म्हणून बॅटरी बदलली की कन्व्हर्टर बदललाच पाहिजे असा समज पक्का झाला आहे. मला तो पूर्ण पटत नाही. 13.6 म्हणजे प्रत्येक सेलला 3.4 व्होल्ट. तेवढ्यावरही एलएफपी बरीचशी भरते, फक्त शेवटचा टप्पा रेंगाळतो. खरी अडचण वेगळी आहे. चारही सेल एका पातळीवर आणण्याचं काम बॅटरीच्या आतलं नियंत्रक, म्हणजे बीएमएस, सहसा वरच्या व्होल्टेजलाच सुरू करतं. ते व्होल्टेज कधीच आलं नाही तर महिन्यामहिन्याने सेलमधली तफावत वाढत जाते. छतावर सोलर असेल आणि त्याचा कंट्रोलर लिथियमच्या आकड्यांवर लावलेला असेल, तर तो हे काम अधूनमधून करून टाकतो आणि जुना कन्व्हर्टर खुशाल राहू शकतो. सोलर नसेल तर मात्र बदला. अपवाद आणखी एक. लहान, जुना कन्व्हर्टर लेड-ॲसिडला पहिला अर्धा तास जोर लावून मग दम खातो, कारण ती बॅटरीच हळूहळू करंट घेणं कमी करते. एलएफपी तसं करत नाही. 55 अँपिअरचा कन्व्हर्टर असेल तर ती तासन् तास 55 घेत राहते. पंखा धूळ खाऊन बसलेला असेल आणि तारा बारीक असतील, तर ते निभणार नाही.

तापमानाची भानगड याहून गंभीर आहे, कारण तिथे बॅटरी कायमची जाते. शून्य अंश सेल्सिअसखाली एलएफपीतून वीज काढता येते, पण भरता येत नाही. भरली तर लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचतं, क्षमता घटते आणि आतून शॉर्ट होण्याचा धोका तयार होतो. मिनेसोटात किंवा कोलोरॅडोत ट्रेलर हिवाळाभर अंगणात उभा असतो, आणि छतावरचं सोलर सकाळी ऊन पडताच इमानेइतबारे भरायला लागतं. चांगल्या बॅटरीचं बीएमएस थंडीत भरणं रोखतं, काहींत तापवणारी गादीही असते. स्वस्त बॅटऱ्यांच्या जाहिरातीत हा मुद्दा कित्येकदा गाळलेला असतो. विकत घेण्याआधी पत्रकात शोधायची पहिली ओळ ही.

याच तापमानाचा दुसरा सापळा जुन्या चार्जरमध्ये दडलेला आहे. थंडीत लेड-ॲसिडला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून चांगल्या चार्जरमध्ये आणि सोलर कंट्रोलरमध्ये त्याची आपोआप भरपाई असते: दर सेलमागे, दर अंशामागे साधारण 4 मिलिव्होल्ट. सहा सेल आणि वीस अंशांचा फरक धरला, तर 0.48 व्होल्ट होतात. 25 अंशांना 14.4 देणारा चार्जर 5 अंशांना 14.88 देतो. एलएफपीच्या चार सेलांत विभागून प्रत्येकी 3.72 व्होल्ट, जिथे मर्यादा 3.65 ची आहे. बीएमएस दार बंद करतं, मालक म्हणतो ‘नवी बॅटरी सदोष निघाली’, आणि ती परत जाते. भरपाई बंद करणं आणि सोबतच पाण्याच्या लेड-ॲसिडसाठी असलेला 15 व्होल्टच्या वरचा इक्वलायझेशनचा टप्पा बंद करणं, हे दोन मेनूमधले बदल आहेत. खर्च शून्य. तरी सर्वांत जास्त विसरले जातात ते हेच.

आता वीज घेणाऱ्या बाजूकडे. 100 अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत बहुधा 100 अँपिअरचं बीएमएस असतं. 2000 वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण जोरात चालला तर 2000 भागिले 12.8, त्यात दहा टक्के तोटा धरला, की 170 अँपिअरच्या वर जातं. मायक्रोवेव्ह लावला की सगळं बंद. जुनी लेड-ॲसिड बॅटरी अशा वेळी कुरकुरत, व्होल्टेज पाडत का होईना, थोडा वेळ ओढत न्यायची. बीएमएस कुरकुरत नाही, तोडून टाकतं. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्यातले कपॅसिटर क्षणभर प्रचंड करंट ओढतात, तेवढ्यानेही काही बीएमएस तुटतात. तेव्हा आधी एका रेझिस्टरमधून कपॅसिटर भरून घेऊन मग जोडणी पक्की करतात.

या तुटण्याच्या स्वभावातून एक धोका निर्माण होतो, ज्याबद्दल बोललं जातं त्याहून खूप जास्त बोललं जायला हवं. टोइंग करताना ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून दांडीवर ब्रेकअवे स्विच असतो. पिन ओढली गेली की ट्रेलरच्या बॅटरीतून थेट ब्रेकच्या चुंबकांना वीज जाते. अमेरिकेच्या संघीय नियमांत, व्यावसायिक वाहनांसाठी, हे ब्रेक किमान 15 मिनिटं लागून राहावेत असं आहे, आणि अनेक राज्यांचे नियम याच धाटणीचे आहेत. दोन अॅक्सलच्या ट्रेलरला चार चुंबकं, प्रत्येकी साधारण 3 अँपिअर, मिळून 12. पंधरा मिनिटांचे 3 अँपिअर-तास. ही मागणी अगदी किरकोळ. पण रात्रभर फ्रिज चालून सकाळी बीएमएसने बॅटरी तोडलेली असेल, तर ते किरकोळ 3 अँपिअर-ताससुद्धा मिळत नाहीत, आणि ट्रेलर मागे जोडून माणूस हमरस्त्याला लागतो. टोइंग गाडीतून येणाऱ्या सात पिनांच्या तारेने ते बीएमएस जागं होईलच, याची खात्री नाही. उतरलेली लेड-ॲसिडही असा दगा देऊ शकते. फरक एवढाच की तिच्यात काहीतरी शिल्लक असतं, आणि दिवे मंद झाल्यावर माणूस सावध होतो. ब्रेकअवेसाठी स्वतःची छोटी वेगळी बॅटरी लावता येते. नाहीतर बीएमएस तुटण्याच्या बरंच आधी बाकीचा भार बंद करणारा कटऑफ लावावा. बॅटरी बदलून देणाऱ्या दुकानाने हा प्रश्न आपणहून विचारला नाही, तर मी त्या दुकानात काम करून घेणार नाही.

मोटरहोममध्ये ब्रेकअवेऐवजी अल्टरनेटरची काळजी आहे. इंजिनवरचा अल्टरनेटर स्टार्टरची बॅटरी भरण्यासाठी बनवलेला असतो. त्याने दहा मिनिटं जोर लावायचा आणि मग विश्रांती घ्यायची. एलएफपीचा अंतर्गत रोध अगदी कमी, म्हणून ती जेवढं मिळेल तेवढं ओढते. इंजिन निष्क्रिय फेऱ्यांवर असताना अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरतो. उष्णता सर्वाधिक आणि गारवा सर्वांत कमी, असा संयोग होतो. नेदरलँड्सच्या व्हिक्ट्रॉन एनर्जीने चाचणीच्या मेजावर हे करून दाखवलं आहे: लिथियम बॅटरीला जोडलेला अल्टरनेटर कमी फेऱ्यांवर थोड्याच वेळात तापून धूर सोडू लागतो. यावर तीन उपाय प्रचलित आहेत. मधे डीसी-डीसी चार्जर बसवायचा, जो 30 किंवा 50 अँपिअरच्या वर ओढूच देत नाही. किंवा अल्टरनेटरला तापमान बघणारा बाहेरचा रेग्युलेटर लावायचा. किंवा जोडणी ठरावीक वेळाने तोडणारा रिले, जो पंधरा मिनिटं जोडतो आणि वीस मिनिटं विसावा देतो. नव्या व्हॅनसाठी पहिल्याला पर्याय नाही. इंधन वाचवण्यासाठी त्यांचे ‘स्मार्ट’ अल्टरनेटर व्होल्टेज कधी 12.3 पर्यंत पाडतात, तर उतारावर ब्रेक लावताना 15 कडे नेतात. अशा चढउतारावर कोणतीच बॅटरी थेट लावू नये, ना घरची ना बाहेरची.

भर प्रवासात, अल्टरनेटर जोरात भरत असताना बीएमएसने अचानक दार बंद केलं तर काय होतं? करंटला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा गाडीतलं दुसरं एखादं इलेक्ट्रॉनिक उपकरण जळतं. सोलर कंट्रोलरचंही तसंच: बॅटरी गेली, पॅनेल चालू, आणि उसळलेलं व्होल्टेज थेट दिव्यांवर. म्हणून जोडताना बॅटरी आधी आणि पॅनेल नंतर, काढताना उलट. डीसी-डीसी चार्जर अल्टरनेटरला वाचवतो. पण सगळ्यात चांगला बंदोबस्त म्हणजे बीएमएसने तोडण्याआधी चार्जरला ‘आता थांब’ असं कळवणं. या ठिकाणी खरा गुंतागुंतीचा भाग सुरू होतो.

कळवण्याचा साधा मार्ग दोन तारांचा. व्हिक्ट्रॉनच्या जुन्या पद्धतीत एक तार म्हणते ‘भरायला परवानगी आहे’ आणि दुसरी म्हणते ‘वापरायला परवानगी आहे’. परवानगी गेली की चार्जर किंवा इन्व्हर्टर थांबतो. ही पद्धत कोणत्याही कंपनीच्या यंत्राला जोडता येते, आणि मला ती फार आवडते, कारण तिच्यात लपवण्यासारखं काही नाही. दुसरा मार्ग कॅन बसचा, म्हणजे मोटारीतले संगणक ज्यावर बोलतात तोच. आरव्ही उद्योगाने त्यावर स्वतःचं आरव्ही-सी नावाचं मानक केलं, वेग 250 किलोबिट. घरगुती सोलर साठवणीच्या बाजारात मात्र चीनच्या पायलॉनटेक कंपनीचा 500 किलोबिटचा संवाद इतका पसरला की आज अनेक बीएमएसच्या मेनूत ‘पायलॉन’ हा पर्यायच असतो. बॅटरी दर क्षणी तीन आकडे सांगते: कमाल किती व्होल्टने भरा, किती करंटने भरा, किती काढा. इन्व्हर्टर ते पाळतो. त्यामुळे वेगळ्या कंपनीची बॅटरी ‘मी पायलॉनटेक आहे’ असं सांगून व्यवस्थेत सामील होऊ शकते, आणि हजारो ठिकाणी तसं सुरळीत चालू आहे.

पण बारकावे इथेच चावतात. दोन्हीकडे संगणकाच्या नेटवर्कसारखं आठ पिनांचं सॉकेट असतं, बाजारातली निळी केबल टच्कन बसते, आणि काहीच होत नाही. कारण पायलॉनटेकमध्ये कॅनच्या दोन तारा 4 आणि 5 क्रमांकाच्या पिनांवर आहेत आणि व्हिक्ट्रॉनमध्ये 7 आणि 8 वर. वेगळी केबल घ्यावी लागते किंवा तारेची टोकं दाबून बसवणारा क्रिंपर घेऊन स्वतः करावी लागते. वेग 250 आणि 500 असा जुळत नसेल तरी शांतताच. एवढं चुकलं तर निदान काही जळत नाही. ‘48 व्होल्ट’ या शब्दांवर विसंबलं तर जळू शकतं. मोठ्या मोटरहोममध्ये आता 48 व्होल्टची व्यवस्था येते. त्यात एलएफपीचे सोळा सेल असतात, 51.2 व्होल्टचे, आणि ते 56-57 पर्यंत भरतात. पण पायलॉनटेकच्या यूएस2000 आणि यूएस3000 मध्ये सेल पंधराच आहेत, आणि त्या 53 च्या आसपास भरल्या जातात. दोन्हींच्या अंगावर 48 लिहिलेलं. सोळांसाठी लावलेला 56 व्होल्टचा चार्जर पंधरांना जोडला तर प्रत्येक सेलवर 3.73 व्होल्ट येतात. संवाद चालू असेल तर बॅटरी स्वतःची मर्यादा सांगते आणि निभावतं. केबल सैल झाली की बीएमएसच्या एका कटऑफवर सगळा भरवसा. निकेल-मँगनीज-कोबाल्टचे चौदा सेल घेतले तर तेही ‘48’, आणि त्यांची कमाल 58.8. म्हणून 48 व्होल्टच्या बाबतीत पहिला प्रश्न सेल किती आणि कुठल्या रसायनाचे, हाच. विक्रेत्याला याचं उत्तर देता येत नसेल तर बोलणं तिथेच थांबवावं.

त्यापुढे येतात बंद व्यवस्था. इकोफ्लोने 2022 पासून आरव्हीसाठी 48 व्होल्टची किट आणली. त्यात इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर, डीसी-डीसी चार्जर असं सगळं एका पेटीत असतं आणि बॅटऱ्या तिच्या स्वतःच्या कनेक्टरने जोडल्या जातात. मोटरहोम बनवणाऱ्या विनेबागोने 2023 मध्ये लिथिऑनिक्स ही बॅटरी कंपनीच विकत घेतली. अशा एकसंध व्यवस्थांचे फायदे मला नाकारायचे नाहीत. तारा कमी, चुका कमी, बसवायला अर्धा दिवस पुरतो, आणि काही बिघडलं तर जबाबदार एकच. ज्याला क्रिंपर हातात धरायचा नाही त्याने ती घ्यावी. पण पेटी बॅटरीशी फक्त स्वतःच्या गुप्त भाषेत बोलत असेल, तर बॅटरी बदलणं हा मालकाचा निर्णय राहत नाही. सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे असं कारण दिलं जातं. सुरक्षिततेला मर्यादा कळवणं लागतं, आणि मर्यादा कळवणारे उघड संवाद वर्षानुवर्षं वापरात आहेत. गुप्ततेची गरज सुरक्षिततेला नाही, विक्रीला आहे. हे मी विचारपूर्वक लिहितो आहे.

कायद्याची बाजू ग्राहकाला वाटते त्याहून बरी आहे. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, वॉरंटी टिकवायची तर आमच्याच नावाचा भाग वापरा अशी अट कंपनीला सहसा घालता येत नाही. बाहेरची बॅटरी लावली म्हणून गळक्या छताची वॉरंटी गेली, असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नये. त्या बॅटरीमुळे कन्व्हर्टर जळला असं दाखवता आलं तर मात्र कन्व्हर्टरचा खर्च कंपनी नाकारू शकते. म्हणून बदल करताना आधीचे आणि नंतरचे फोटो, चार्जरची सेटिंगं आणि फ्यूजचे आकडे लिहून ठेवणं शहाणपणाचं. युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरी नियमावलीने तर सॉफ्टवेअर वापरून सुसंगत बॅटरी बदलण्यात अडथळा आणायला मनाई केली आहे. पण ती कलमं हातात उचलायच्या लहान बॅटऱ्या आणि ई-सायकलसारख्या हलक्या वाहनांपुरती आहेत. कॅराव्हॅनच्या घरगुती बॅटरीपर्यंत ती पोहोचलेली नाहीत. पोहोचायला हवीत.

बाहेरच्या बॅटरीच्या बाजूने इतकं लिहिल्यावर तिच्या विक्रेत्यांकडेही बघायला हवं. पत्रकावर ‘यूएल’ अक्षरं असतात, आणि बारकाईने वाचलं तर प्रमाणपत्र आतल्या सेलचं निघतं, पूर्ण बॅटरीचं नाही. संपूर्ण बॅटरीसाठी यूएल 1973 किंवा आयईसी 62619 बघावं. यूएन 38.3 फक्त वाहतुकीतल्या सुरक्षिततेचं आहे, आणि ते कुठल्याही विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीकडे असायलाच हवं, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. फ्यूजही बॅटरीसोबत बदलावा लागतो. एलएफपी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर देऊ शकते, आणि साध्या फ्यूजमध्ये तार वितळल्यावरही ठिणगी चालू राहू शकते. 20,000 अँपिअर तोडू शकणारा क्लास टी फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलजवळच हवा. तो महाग वाटतो, आणि स्वस्त बॅटरी घेऊन वाचवलेले पैसे खर्च करायची योग्य जागा तीच आहे.

युरोपात चित्र थोडं सौम्य आहे. जर्मन मोटरहोममधल्या पुष्कळ वीज-पेट्यांवर ‘जेल’ असा एक स्विच असतो, आणि त्याचा 14.3-14.4 व्होल्टचा टप्पा एलएफपीला जवळजवळ नेमका जुळतो, म्हणून तिथले कारागीर बॅटरी बदलून फक्त तो स्विच फिरवतात आणि अल्टरनेटरसाठी एक बूस्टर, म्हणजे डीसी-डीसी चार्जर, जोडतात.

आपल्याकडेही हा प्रश्न दारात आला आहे. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि इथल्या बऱ्याच कॅराव्हॅन पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधलेल्या असतात. इथे शून्य अंशांचा प्रश्न लडाखला नेलेल्या गाडीपुरता. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र वरची मर्यादा भिडते. एलएफपी 45 ते 55 अंशांच्या वर भरू नये असं बहुतेक पत्रकं सांगतात, आणि चेसिसखाली, सायलेन्सरजवळच्या पेटीत तेवढं तापमान सहज होतं. बॅटरी आत, पलंगाखाली, हवा खेळेल अशी ठेवावी. दुसरी इथली खास गोष्ट घरगुती इन्व्हर्टरची. बांधणारे तोच गाडीत बसवतात, आणि त्याचा चार्जर ट्यूब्युलर लेड-ॲसिडसाठी आखलेला असतो. त्यात लिथियमचा वेगळा पर्याय आहे का, आणि त्यातले आकडे किती, हे विचारून मगच बॅटरी बदलावी.

वेगवेगळ्या बॅटऱ्या समांतर जोडाव्यात का, यावर मतं फाटलेली आहेत. लेड-ॲसिड आणि एलएफपी एकत्र जोडणारे लोक आहेत. चालतं, पण लेड-ॲसिड बहुतेक वेळ नुसती वजन वाहते, आणि दोघींच्या गरजांचा मेळ घालताना चार्जरचा एकही आकडा नीट राहत नाही. दोन कंपन्यांच्या एलएफपी समांतर जोडणं तितकं वाईट नाही. दोन्ही पूर्ण भरून, व्होल्टेज सारखं करून, सारख्या लांबीच्या तारांनी जोडल्या तर भार विभागला जातो. मात्र एकीचं बीएमएस तुटलं की सगळा करंट दुसरीवर येतो, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज हवा. एकापुढे एक, म्हणजे सीरिजमध्ये, वेगळ्या कंपनीच्या बॅटऱ्या कधीच जोडू नयेत.

एलएफपी नीट वापरली तर तीन हजारांहून जास्त फेऱ्या टिकते, शनिवार-रविवारच्या प्रवाशाला दहा-पंधरा वर्षं सहज. गाडी वीस वर्षं चालते. एवढ्या काळात बॅटरी कंपन्या मॉडेल बदलतात, बीएमएस बदलतात, काही बंद पडतात. सातव्या वर्षी दोन बॅटऱ्यांना तिसरी जोडायला गेलं, तर त्याच नावाची नवी बॅटरी आतून वेगळीच असू शकते: सेल दुसऱ्या आकाराचे, संवादाची आवृत्ती नवी, कमाल करंट निराळा. ज्याने आयुष्यभर एकाच कंपनीचं सामान घेतलं त्याच्यासमोरही तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो, आणि त्याला लागणारी माहितीही तीच. किती सेल, कोणतं रसायन, भरण्याचं कमाल व्होल्टेज, करंटची मर्यादा, कोणत्या तापमानाला भरणं थांबतं, कोणत्या व्होल्टेजला बीएमएस तोडतं आणि पुन्हा कशाने जोडलं जातं, कॅनचा वेग आणि पिना. हे सगळं बॅटरीच्या अंगावर छापायला तळहाताएवढी जागा पुरते. काही कंपन्या यातलं बरंच छापतात किंवा उघडपणे पुरवतात. बाकीच्यांकडे ग्राहकांनी ते मागितलं पाहिजे, आणि मिळेपर्यंत खरेदी थांबवली पाहिजे.